माळ्यावरचा जुना टेलिव्हिजन

प्रत्येक मोठ्या कुटुंबाच्या घरांत एक माळा असतो, आणि त्या माळ्यावर घराचा अर्धा इतिहास धूळ खात पडलेला असतो. पाळणा, पितळी बंब, तारा तुटलेली सतार, कंदील, आणि ज्यांची किल्ली हरवली आहे अशा दोन ट्रंका, हें सारें टाकवतही नाहीं आणि वापरवतही नाहीं. दरवर्षीं दिवाळीच्या आधीं माळा झाडावयास काढला म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, 'द्या भंगारांत'; दुसरा म्हणतो, 'असूं द्या, खायला का मागतें आहे?' बहुतेक वेळां दुसऱ्या पक्षाचा जय होतो. कारण वस्तु पुन्हां माळ्यावर चढविण्यास श्रम थोडे लागतात आणि निर्णय घेण्यास फार!

सोलापुरांतील भवानी पेठेंत आमचें जें जुनें घर आहे, तेथें हा वाद मागील दिवाळीपूर्वीं पेटला तो एका टेलिव्हिजनवरून. वीस इंची पडदा, लाकडी पेटी, पुढें दोहों बाजूंनीं सरकणारीं झांकणें व त्यांना कुलूप, खालीं चार पाय, आणि उजव्या हातास 'खट् खट्' करीत फिरणारी बारा घरांची कळ, असा तो संच. घरांतील लहान मुलांना तें कपाट वाटलें, आणि आम्हांस आपलें वय एकदम आठवलें.

हा संच आमच्या थोरल्या काकांनीं १९७६ सालीं मुंबईस हप्त्यानें घेतला. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रायोगिक रीतीनें सुरू झालेली दूरचित्रवाणी मुंबईस यावयास २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. त्या काळीं संच घेतला म्हणजे पोस्टांत परवान्याचें शुल्क भरावें लागे. आणि चाळींत एकाच्या घरीं संच आला म्हणजे तो साऱ्या मजल्याचा होई. काका रेल्वेच्या नोकरींत, बिऱ्हाड दोन खोल्यांचें; तरी 'गजरा' लागला कीं दारापर्यंत माणसें बसत आणि काकू सर्वांना चहा करीत.

सोलापुरास त्या वेळीं टेलिव्हिजन म्हणजे मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनीं सांगावयाची गोष्ट होती. नवलाची गोष्ट ही कीं, आमच्या शेजारच्या विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतील कांहीं खेडीं ह्या बाबतींत आमच्या पुढें होतीं. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, अमेरिकेच्या एटीएस-६ ह्या उपग्रहाच्या साहाय्यानें, सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्याचा जो प्रयोग झाला, त्यांत तीं होतीं. आमचें शहर मात्र अंधारांतच होतें. पुढें १९८४ च्या सुमारास लहान शक्तीचीं प्रक्षेपण केंद्रें देशभर उभीं राहिलीं. १९८५ सालीं काका निवृत्त होऊन सोलापुरास परतले ते संच घेऊनच. जानेवारी १९८७ पासून दीड वर्ष दर रविवारीं सकाळीं 'रामायण' दाखवीत. त्या वेळीं ओसरीवर पाऊल ठेवण्यास जागा नसे. काका मात्र कार्यक्रमाच्या पांच मिनिटें आधीं कळ फिरवीत, आणि मुलें ओरडूं लागलीं म्हणजे शांतपणें म्हणत, 'तापूं द्या. त्याला तापूं द्या.' हें वाक्य आमच्या घरांत इतकें रुळलें कीं, भात शिजण्यास उशीर झाला तरी कोणीतरी तें म्हणून हंसें पिकवी.

१९९० सालीं घरांत रंगीत संच आला आणि काकांचा संच माळ्यावर गेला. १९९४ सालीं काका गेले. त्यानंतर तीस वर्षांत त्या पेटीला कोणीं हात लावला नाहीं.

मागील दिवाळीपूर्वीं ती खालीं आली, तेव्हां अभियांत्रिकीचें शिक्षण घेणाऱ्या आमच्या पुतण्यास राहवलें नाहीं. त्यानें फडक्यानें पेटी पुसली, वायर तपासली, आणि आम्ही 'अरे थांब' म्हणेपर्यंत प्लग भिंतींत घालून कळ फिरविली. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' ही म्हण आम्हांस त्या दिवशीं नीट कळली. पंधरा-वीस सेकंद कांहीं झालें नाहीं. मग घुमल्यासारखा आवाज आला, आणि लगेच बंदुकीचा बार व्हावा तसा धडाका! पेटीच्या मागून पांढरा धूर, एक प्रकारचा उग्र वास, घरांतले दिवे गेलेले, आणि पेटीपासून चार हातांवर उभी असलेली आमच्या दादांची सहा वर्षांची नात भेदरून रडत आहे, असा देखावा झाला. दैव बलवत्तर, म्हणून कोणास इजा झाली नाहीं.

दादा सहसा आवाज चढवीत नाहींत; त्या दिवशीं चढविला. 'उद्यां सकाळीं ही पेटी घराबाहेर गेली पाहिजे,' असें त्यांनीं सांगितलें. त्यांचें चुकलें असें आम्हांस अजूनही वाटत नाहीं. नव्वदीला टेकलेल्या काकू आंतल्या खोलींतून काठी टेकीत आल्या, पेटीकडे पाहून क्षणभर उभ्या राहिल्या, आणि एवढेंच म्हणाल्या, 'ह्यांनीं हप्ते फेडून घेतला होता रे. चालत नसेल तर नसूं द्या. पण असा जाळून नका टाकूं.' काकूंना मूलबाळ नाहीं. त्यांनीं उभ्या आयुष्यांत आम्हां कोणाकडे कांहीं मागितल्याचें आठवत नाहीं. दादा गप्प बसले. आणि वाद तेथेंच अडकला. ज्या वस्तूनें घरांतील पोरीच्या जिवाला धोका झाला ती घरांत ठेवावयाची कीं काय, हा एक प्रश्न; आणि काकूंचा शब्द मोडावयाचा कीं काय, हा दुसरा.

शेवटीं असें ठरलें कीं, आधीं जाणत्या माणसास दाखवावें. पेठेंतच एक वृद्ध मेकॅनिक आहेत. घरांत तेलुगु, दुकानांत मराठी, आणि गिऱ्हाईक अक्कलकोटकडचें असेल तर कन्नड, असा त्यांचा अस्सल सोलापुरी व्यवहार. तरुणपणीं त्यांनीं रेडिओ व टेलिव्हिजन दुरुस्त केले. पुढें तीं कामें संपलीं तेव्हां यंत्रमागांच्या मोटारी व वायरिंग ह्यांवर प्रपंच चालविला. सारी पेठ त्यांना मास्तर म्हणते. मास्तरांनीं मागचें झांकण काढलें, आंत विजेरीचा झोत टाकला, फुटलेली अॅल्युमिनियमची नळकांडी बोटानें दाखविली आणि म्हणाले, 'साहेब, संच मेलेला नाहीं. ह्याचा सप्लाय गेलाय. माणूस धडधाकट, पण अन्न पोंचत नाहीं, तसं झालंय.'

पुढें दोन महिने दर रविवारीं मास्तर आमच्या ओसरीवर बसत आणि आम्ही त्यांचे विद्यार्थी होत असूं. जें आम्हांस त्यांच्याकडून समजलें तें वाचकांपुढें ठेवितों. कारण असे संच अजून कित्येक घरांच्या माळ्यांवर असतील, आणि पुतणे तर घरोघर आहेत.

ह्या जुन्या संचांत आजच्यासारखे सूक्ष्म तुकडे नसून कांचेच्या पोकळ नळ्या असतात. त्यांनाच व्हॉल्व्ह म्हणतात. नळींत एक तार तापून लाल होते, तिच्या उष्णतेनें विजेचे कण सुटतात, आणि त्यांच्या प्रवाहावर ताबा ठेवून चित्र व आवाज सिद्ध होतात. १९७० नंतरच्या दशकांतील आपल्याकडील पुष्कळ संच मिश्र जातीचे होते, म्हणजे कांहीं काम ट्रान्झिस्टर करीत आणि जोराचें काम व्हॉल्व्ह करीत. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत ह्या नळ्या देशांतच होऊं लागल्या होत्या. काकांच्या संचांतील बहुतेक नळ्यांच्या नांवाचें पहिलें अक्षर 'पी' आहे, आणि त्याला अर्थ आहे: अशा नळीची तार ३०० मिलिअँपिअर प्रवाहावर तापते. सर्व नळ्यांना एकच प्रवाह चालत असल्यामुळें त्यांच्या तारा दिवाळीच्या दिव्यांच्या माळेप्रमाणें एकापुढें एक ओंवलेल्या असतात. कोणा नळीस २७ व्होल्ट, कोणास ३०, चित्रनळीस ६.३, आमच्या संचांत साऱ्यांची बेरीज सुमारें १२० भरली. घरांत वीज येते २३० व्होल्टची. उरलेले ११० व्होल्ट एका जाड रेझिस्टन्समध्यें केवळ उष्णता होऊन जातात. हिशेब केला तर हा ३३ वॅटांचा निव्वळ भुर्दंड आहे! माळेंतील एक दिवा गेला कीं सारी माळ विझते, तशी एका नळीची तार तुटली कीं सारा संच थंड. पूर्वीं लोक 'संच अचानक बंद पडला' म्हणून घाबरत, त्यांतील पुष्कळ वेळां दोष एवढाच असे.

ही व्यवस्था स्वस्त होती, कारण तींत जड आणि महाग ट्रान्सफॉर्मर लागत नसे. परंतु ह्या काटकसरीचें दुसरें अंग भयंकर आहे. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळें घरांतील विजेची एक तार सरळ संचाच्या लोखंडी सांगाड्यास, म्हणजे मेकॅनिक लोक जिला चासी म्हणतात तिला, जोडलेली असते. प्लग दोन कांट्यांचा असला तर तो उलटा बसतांच सारी चासी २३० व्होल्टांवर जिवंत होते. मास्तरांनीं टेस्टर लावून दाखविला. प्लग एका बाजूनें घातला तेव्हां टेस्टर अंधारा, फिरवून घातला तेव्हां पेटलेला. संच दिसावयास दोन्ही वेळां सारखाच! कळांवरील प्लॅस्टिकच्या टोप्या शोभेसाठीं नसून जीव वांचविण्यासाठीं असतात. टोपी निघाली आणि लहान मुलानें आंतील लोखंडी दांडी धरली म्हणजे अनर्थ ओढवलाच. आमच्या संचाची एक टोपी कधींच हरवली होती. हें ऐकल्यावर दादांकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

आतां तो धडाका कशाचा होता, तें सांगतों. भिंतींतून येणारी वीज सेकंदांत शंभर वेळां दिशा बदलते. संचास तर एका दिशेनें, अखंड वाहणारी वीज हवी. डायोड नांवाचा लहानसा तुकडा फक्त एकाच दिशेची वीज आंत सोडतो. पण ती धारेनें न येतां ठोक्याठोक्यानें येते. ते ठोके सांठवून सारखी धार सोडण्याचें काम कंडेन्सर करतो. कांहीं दिवसांआड नळाला पाणी येण्याची ज्यांना संवय आहे, त्या सोलापूरकरांस हें समजावून सांगावयास नको. नळ येतो तेव्हां हौद भरून घ्यावयाचा आणि मधल्या दिवसांत हौदांतून सारखें पाणी काढावयाचें. कंडेन्सर हा त्या संचाचा हौद होय. हौदास तडा गेला म्हणजे पाणी पुरत नाहीं. तसा कंडेन्सर सुकला म्हणजे चित्राच्या कडा नागमोडी होतात, पडद्यावरून काळे पट्टे सरकतात आणि आवाजांत घुंघुं अशी घरघर येते. काकांच्या अखेरच्या वर्षांत आम्ही ह्या पट्ट्यांस 'हवामानाचा दोष' समजत होतों!

हा हौद बांधलेला कसा असतो? अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर त्याच धातूच्या गंजाचा एक थर विजेच्या साहाय्यानें चढविलेला असतो. तो केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ, पण तोच शेंकडों व्होल्टांचा दाब अडवून धरतो. संच वापरांत असेपर्यंत वीजच त्या थराची डागडुजी करते. वर्षानुवर्षें वीज मिळाली नाहीं तर थर झिजतो आणि आंतील ओल सुकते. अशा वेळीं त्यावर एकदम पूर्ण दाब घातला कीं आंत वीज झिरपते, उष्णता होते, वाफ कोंडते आणि नळकांडी फुटते. २३० व्होल्टची वीज आपल्या लाटेच्या माथ्यावर ३२५ व्होल्टांपर्यंत चढते. तीस वर्षें निजलेल्या कंडेन्सरवर पुतण्यानें हा दाब एका क्षणांत घातला होता. व्हॉल्व्ह तापून वीज ओढूं लागेपर्यंत हा दाब उतरण्याचें कांहीं साधनही नव्हतें. काकांच्या 'तापूं द्या' ह्या वाक्यांत किती शहाणपण होतें, तें असें उलट्या मार्गानें आमच्या ध्यानांत आलें.

मास्तरांनीं पहिल्या दिवशीं डाख देण्याची कानस सुद्धां बाहेर काढली नाहीं. त्यांनीं आधीं नियम सांगितले. प्लग काढला म्हणून संच निर्जीव झाला असें समजावयाचें नाहीं. २०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३०० व्होल्टांवर भरला असतां त्यांत ९ ज्यूल शक्ति असते. म्हणजे एक किलोचें वजन सुमारें तीन फूट उचलण्याइतकी, आणि ती एका क्षणांत बोटांतून जाते. म्हणून प्रथम दहा हजार ओहमचा रेझिस्टन्स लावून तो रिता करावयाचा. दहा सेकंद पुरतात, तरी ते मिनिटभर धरीत आणि मग मीटर लावून खात्री करीत. चित्रनळीची गोष्ट वेगळीच. तिला सुमारें १६ हजार व्होल्टांचा दाब लागतो, आणि नळीची कांच स्वतःच कंडेन्सरचें काम करून तो दाब दीर्घ काळ धरून ठेवते. शिवाय ती आंतून निर्वात असते. तिची निमुळती मान मोडली तर कांचेचे तुकडे आंत ओढले जाऊन चोहोंकडे उडतात. तेव्हां तिला हात लावण्याचा अधिकार त्यांनीं कोणासही दिला नाहीं. काम चालू असतां एक हात खिशांत ठेवण्याचा त्यांचा परिपाठ आहे. दोन्ही हात गुंतले तर वीज छातींतून वाट काढते.

मग स्वच्छता. भवानी पेठेंत यंत्रमागांमुळें सुताचा भुसा हवेंतच असतो. आंत त्याची गादीच तयार झाली होती. मऊ कुंचल्यानें ती काढतांना दोन सकाळी गेल्या. त्यानंतर कंडेन्सर. सप्लायचे दोन मोठे कंडेन्सर बदलणें अटळ होतें. पण मास्तरांनीं जुनीं नळकांडीं फेंकलीं नाहींत. तीं कापून, आंतील सुकलेला गाभा काढून, त्यांत आजचे अंगठ्याएवढे नवे कंडेन्सर बसविले आणि बाहेरून तोंड पूर्ववत् बंद केलें. फुटलेल्याचीही चेप काढून त्यास जागेवर बसविलें. 'नवं काम जुन्या अंगरख्यांत,' असें ते म्हणाले. कागदी गुंडाळीचे लहान कंडेन्सरही ओल धरून झिरपूं लागले होते, तेही गेले. उष्णतेनें किंमत बदललेले रेझिस्टन्स मीटरनें एक एक मोजून बदलले. डायोड नवा घातला. जो भाग शाबूत होता त्यास मात्र त्यांनीं बोट लावलें नाहीं. दुरुस्ती म्हणजे सारें नवें करणें नव्हे, हें त्यांचें तत्त्व आम्हांस फार आवडलें.

संच जागा करण्याची रीत अशी. घरची वीज प्रथम एका अलग ट्रान्सफॉर्मरमधून नेली, म्हणजे चासी जिवंत होण्याचें भय गेलें. त्यापुढें दाब कमीजास्त करण्याचा डिमरस्टॅट. येथें एक चूक पुष्कळजण करतात: डिमरस्टॅट दाब कमी करतो, पण वीज अलग करीत नाहीं, त्याच्या भरंवशावर चासीस हात लावणें म्हणजे विषाची परीक्षा पाहणें होय. त्यापुढें सिरीज बोर्ड, म्हणजे मध्यें ओंवलेला १०० वॅटचा साधा बल्ब. आंत कोठें तारा एकमेकींस चिकटल्या असतील तर बल्ब भरपूर पेटतो आणि संच वांचतो. सर्व ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. आमचा बल्ब उजळला, मंदावला, आणि ओसरीवर जमलेल्या साऱ्या मंडळींनीं सुस्कारा टाकला. तासाभरांत थोडा थोडा दाब वाढवीत मास्तर पूर्ण दाबापर्यंत आले. एकेका नळींत तांबूस ठिपका दिसूं लागला. काकू खुर्चीवर बसून त्या ठिपक्यांकडे पाहत होत्या.

त्या दिवशीं पडद्यावर चित्र आलें नाहीं. मध्यभागीं एक लखलखीत आडवी रेघ तेवढी आली. मास्तरांनीं ताबडतोब उजेड कमी केला, कारण अशी रेघ एका जागीं राहिली तर पडद्याचा लेप जाळते. रेघ आडवी पसरते, उभी पसरत नाहीं. म्हणजे उभा पसारा करणारी नळी काम करीत नव्हती. तशी नळी आज कोणी नवी करीत नाहीं. सोलापुरांत मिळाली नाहीं, पुण्याच्या तपकीर गल्लींत मिळाली नाहीं. शेवटीं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका जुन्या दुकानदाराकडे खोक्यांत पडलेली सांपडली. ती आणली कोणीं? ज्यानें धडाका केला त्या पुतण्यानेंच. रात्रीच्या गाडीनें जाऊन, दुसऱ्या रात्रीच्या गाडीनें परत. नळी त्यानें हातरुमालांत गुंडाळून मांडीवर धरून आणली होती.

नळी बसविल्यावर पडदा भरून उजळला. तेवढ्यांत दादांची नात म्हणाली, 'शिटी वाजते आहे!' आम्हांस कांहीं ऐकूं येईना. मास्तर हंसले. पडद्यावरील किरण एका सेकंदांत १५,६२५ रेघा ओढतो, आणि त्याच गतीनें आंतील ट्रान्सफॉर्मर कंप पावतो. तो बारीक सूर मुलांच्या कानांस कळतो, वय वाढलें कीं नाहींसा होतो. ज्या संचापुढें आम्ही लहानपणीं ती शिटी ऐकत होतों, त्याच संचापुढें आतां आम्ही बहिरे होतों!

पण दाखवावयाचें काय? ज्या लहरींसाठीं हा संच केला, त्या लहरीच आतां नाहींत. दूरदर्शनचीं जुन्या पद्धतीचीं प्रक्षेपण केंद्रें, कांहीं मोजकीं सोडून, मार्च १९२२ च्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे मार्च २०२२ अखेर, बंद करण्याचें ठरलें होतें. ही अडचण आमचीच नव्हे. इंग्लंडमध्यें नोव्हेंबर १९३६ मध्यें सुरू झालेली ४०५ रेघांची पद्धत जानेवारी १९८५ मध्यें बंद झाली. तेथील हौशी लोक आजही त्या काळचे संच सुस्थितींत ठेवतात आणि त्यांना समजेल अशी लहर घरच्या घरीं लहान यंत्रानें उत्पन्न करतात. अमेरिकेंत ओहायो राज्यांतील हिलिअर्ड गांवीं तर केवळ जुन्या टेलिव्हिजनांचें एक संग्रहालयच आहे. आम्हीं केबलवाल्यांकडील एक जुना मॉड्युलेटर मिळविला. तो कोणतेंही चित्र जुन्या लहरीवर चढवून देतो.

आमच्या धाकट्या काकांच्या मुलाची मुंज १९८८ सालीं ह्याच घरीं झाली. तिची व्हिडिओ कॅसेट होती. पुतण्यानें ती आधींच उतरवून ठेविली होती. एका रविवारीं सकाळीं सारें घर ओसरीवर जमलें. कळ फिरविली आणि कोणीतरी म्हणालें, 'तापूं द्या.' अर्ध्या मिनिटानें मांडव दिसला, होम दिसला, आणि मग रेशमी सोवळें नेसलेले, हातांत पाण्याचा तांब्या घेतलेले थोरले काका पडद्यावर आले. छायाचित्रकाराच्या प्रखर दिव्यामुळें डोळे मिचकावीत ते म्हणाले, 'अहो, तो दिवा जरा बाजूला घ्या.' काकू हंसल्या. 'असंच बोलायचे,' एवढेंच त्या म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत उठल्या नाहींत.

दादांनीं त्याच दिवशीं आपला निर्णय सांगितला. संच घरांत राहील. पण अलग ट्रान्सफॉर्मरशिवाय तो कधीं लावावयाचा नाहीं, काम होतांच प्लग काढावयाचा, मागचें झांकण स्क्रूनें बंद राहील, कळांच्या टोप्या पूर्ण असतील, आणि मोठें माणूस जवळ नसतां पुढच्या झांकणाचें कुलूप उघडणार नाहीं. कुलुपाची किल्ली काकूंजवळ. मास्तरांनीं झांकणाच्या आंतल्या बाजूस एक कागद चिकटविला. त्यावर बदललेल्या भागांची यादी, तारीख, आणि तांबड्या शाईनें 'चासी जिवंत आहे' हे शब्द. आमच्यामागें कोणी तरी हें झांकण उघडील, त्याच्यासाठीं तो कागद.

वाचकांच्या माळ्यावर असा एखादा संच असेल, तर आमची विनंती एवढीच. कुतूहलापोटीं त्याचा प्लग भिंतींत घालूं नका. मागचें झांकण स्वतः उघडूं नका. जुनीं कामें केलेला मेकॅनिक आपल्या गांवांत अजून असेल तर त्यास बोलवा, आणि लवकर बोलवा. कारण व्हॉल्व्ह जुन्या दुकानांत एखादे वेळीं सांपडतील, पण ते जाणणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर चित्रनळीसह संच भंगारवाल्यापुढें फोडूं न देतां विजेचा कचरा रीतसर घेणाऱ्यांच्या स्वाधीन करा. आणि दुरुस्त होणार असेल, तर घाई करूं नका. तीस वर्षें जो निजला आहे, त्यास जागें होण्यास दोन महिने लागले तर ते फार नव्हेत.